उजवीकडची जागा

रस्त्यात भेटलेल्या परक्या माणसाचा गुडघा धरून बसू नये, एवढं धनश्रीलाही कळत होतं. पण डिंडोलीच्या कॅनॉल रोडवर एक तरुण धावता धावता तिच्या पुढ्यातच मटकन खाली बसला... आणि स्कूटर लावून तिने नेमकं तेच केलं. फिजिओथेरपिस्टची बोटं, जित्याची खोड.

"बाहेरच्या बाजूला दुखतंय ना?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"तुम्ही दुखणं लपवता. गुडघा नाही लपवत." तो हसला, आणि धनश्री तिथेच विरघळली.

तो गजेंद्र. मूळ धुळ्याकडचा, साडीच्या मार्केटमध्ये हिशेब बघणारा. तीन आठवडे तो रोज तिच्या क्लिनिकमध्ये आला. ती मांडीला ताण द्यायची, कुल्ल्याच्या स्नायूंचे व्यायाम घ्यायची, अन् तो मुद्दाम आकडे चुकवायचा, म्हणजे तिला पुन्हा मोजावं लागे. एक गोष्ट मात्र तिला खटकायची. बाकावर तो बसला, की त्याच्या उजवीकडची जागा रिकामी राहायची. कितीही गर्दी असो, तिथे कोणी बसत नसे.

गुडघा काही सुधारेना. असंच चाललं तर पळणं कायमचं सुटेल, असं तिने सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक पडला. मग हा पळतो तरी कसा, हे बघायला ती डिसेंबरच्या एका पहाटे कॅनॉल रोडवर गेली.

धुकं दाट होतं. गजेंद्र रस्त्याच्या अगदी कडेने, उतरत्या भागावरून पळत येत होता. एक पाय वर, एक खाली. शेजारी सपाट डांबर मोकळं पडलेलं. अशाने गुडघा जाणार नाही तर काय होणार! तिने त्याला थांबवलं, वर का पळत नाही म्हणून विचारलं.

"तठे मन्हा दादा पयस," तो घरच्या बोलीत बोलून गेला, मग सावरून म्हणाला, "तिथे माझा दादा पळतो."

लोटूदादा. कापड विणणाऱ्या लूमच्या कारखान्यात होता. रोज पहाटे दोघं इथेच, जोडीने पळायचे. मागच्या वर्षी दोन दिवसांच्या तापाचं निमित्त झालं आणि तो गेला. "ती जागा मी घेतली, तर तो कुठे पळेल?" गजेंद्र म्हणाला.

धनश्री समजूत घालणार, तोच तिला ऐकू आलं. सपाट रस्त्यावर पावलं वाजली... आणि दोघांपाशी येऊन थांबली. तिथे कोणीच नव्हतं.

हात आपोआप वर गेला, आणि तिने ओढणी डोक्यावर घेतली.

"हे काय?" गजेंद्रने विचारलं.

"आपल्यात जेठापुढे उघड्या डोक्याने उभं राहत नाहीत," ती म्हणाली, आणि मग गजेंद्रच्या भावाला आपण जेठ, म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ, म्हणून बसलो हे तिच्या ध्यानात आलं. कानशिलं तापली. पण आता माघार कशाला? तिने मान खाली घालून त्या रिकाम्या रस्त्याला म्हटलं, "दादा, यांचा गुडघा जाईल हो. मी बघेन यांच्याकडे... आता तुम्ही निघा."

मग पावलं वाजली. आधी सावकाश, मग भरभर, आणि बघता बघता इतकी वेगात की धुक्यात दूरवर क्षणात विरून गेली.

गजेंद्रचे डोळे भरून आले होते.

"एवढं जोरात पळायचे ते?" तिने हळूच विचारलं.

"मला माहीतच नव्हतं," तो म्हणाला. "माझ्यासाठी हळू पळत होता तो." आणि तिचा हात धरून तो सपाट रस्त्यावर आला.