बाहीतला सौदा

भुताच्या गोष्टी विकून पोट भरायची वेळ माझ्यावर आलेली नाही. माझा धंदा बरा चालतो. त्यामुळे खोटं सांगून मला एका युआनचाही फायदा नाही.

हे माझ्या सख्ख्या मामांच्या बाबतीत घडलंय. मामा हयात आहेत. कुणाला खात्री करायची असेल तर लिंशियाला जाऊन त्यांना भेटावं.

फक्त त्यांच्या उजव्या हाताबद्दल विचारू नये.

जागा शीनिंग शहरातली. किडागवताच्या बाजारामागची गल्ली. आणि रात्र नव्हती हो... भर दुपार होती. मे महिन्यात धुळीचं वादळ आलं, ती दुपार. शीनिंगमध्ये ज्यांनी ती पाहिली, त्यांना तारीख सांगावी लागत नाही.

येहया मामा दरवर्षी हंगामाला शीनिंगला यायचे. डोंगरातल्या लोकांकडून किडागवत घ्यायचे आणि दक्षिणेच्या व्यापाऱ्यांना विकायचे. वाळलेला किडा, त्याच्या डोक्यावर काडीएवढं गवत. औषधाला जातं, आणि भावात चांदीला मागे टाकतं. सालिहा मामी दिवसभर बसून दात घासायच्या ब्रशने एकेका किड्याची माती काढायची.

खस्... खस्... खस्...

आमच्या घरातली मुलं या आवाजावर झोपतात.

मामांची नेहमीची उतरायची जागा त्या वर्षी पाडली होती. हंगाम तोंडावर आणि डोक्यावर छप्पर नाही. त्यात मामीचे गुडघे गेलेले. लांब चालणं नको, जिने नकोत.

मामा चिक्कू नव्हते. पैसा हातातून सुटताना त्यांना फक्त ताप यायचा.

पहिली खोली नूडल्सच्या दुकानावर. तिसरा मजला.

"चढशील ना हळूहळू?" मामांनी विचारलं.

"चढेन की. उतरताना मात्र चौघं लागतील, खांदा द्यायला," मामी म्हणाली.

दुसरी नदीपलीकडे. स्वस्त, पण रोजचं गाडीभाडं धरलं तर महागच. मामांनी बोटांवर हिशोब केला आणि तिथूनच मागे फिरले.

तिसरी थेट बाजाराच्या पाठीमागे. तळमजला, फरसबंद अंगण, नळ दारात. पुढे एक खोली, आत एक. दाखवायला घरमालकाची सून आली होती. बाओ काकू म्हणत तिला सगळे.

"इतक्या जवळ आणि हंगामात रिकामी?" मामी मामांच्या कानाशी पुटपुटली. "अख्खा बाजार आंधळा, आणि डोळे काय ते तुम्हालाच?"

"लोकांना अक्कल नसते, म्हणून तर आपण जेवतो," मामा म्हणाले. मग मोठ्याने, "भाडं काय?"

"मी भाव करत नाही," बाओ काकू म्हणाली. "सासरे येतील, त्यांच्याशी बोला. आतली खोली बघताय?"

मामांनी आत डोकावूनसुद्धा पाहिलं नाही. माल निरखून बघितला की विकणाऱ्याला कळतं, याला आवडलाय. मग भाव चढतो. तीस वर्षांची सवय. मामांनी तोंड वाकडं केलं, "असेल अशीच," म्हणाले आणि पुढच्या खोलीतल्या विटांच्या ओट्यावर बसून राहिले.

बाओ काकू गेली. मामी बाजारात बहिणीच्या पालावर चहा प्यायला गेली.

मामा एकटेच उरले.

थोड्या वेळाने खिडकीतला उजेड पिवळा झाला. मग तांबूस. वारा सुटला. अंगणातली बादली गडगडत गेली. मामांनी उठून दाराला आतून कडी घातली आणि पुन्हा ओट्यावर येऊन टेकले. नमुन्याच्या मालाची थैली मांडीखाली.

मग दिवा गेला.

खिडकीबाहेर भिंत उभी राहावी तशी धूळ. स्वतःचा हात दिसेना.

आणि आतल्या खोलीतून आवाज आला...

खस्... खस्... खस्...

मामांना बरं वाटलं. मामी आली असणार, आतल्या खोलीला मागून दार असेल.

"आलीस का गं? अंधारात कसली घासतेस? किड्याचं गवत मोडशील. मोडका माल अर्ध्या भावात जातो."

आवाज थांबला.

 मामी रुसली की बोलत नसे, त्यात नवल नव्हतं. नदीपलीकडे तिला फुकट चालवलं होतं.

मामा गप्प बसले की ब्रश सुरू व्हायचा. बोलले की थांबायचा. जणू आत कुणी कान देऊन बसलंय.

"बरं बाई, रुस," मामा म्हणाले.

आणि तेवढ्यात त्यांच्या उजव्या बाहीत हात शिरला...

आमच्या बाजारात भाव तोंडाने होत नाही. बघ्यांना कळू नये म्हणून एकमेकांच्या रुंद बाहीत हात घालून बोटं दाबायची. अंगठा आणि करंगळी म्हणजे सहा. तर्जनी आकड्यासारखी वाकवली की नऊ. शेकडा की हजार, ते कुणी सांगत नाही. समोर कुठला माल आहे त्यावरून दोघांनाही ठाऊक असतं. तोंडं मिटलेली, चेहरे कोरडे, आणि बाहीत घनघोर लढाई.

मामा दचकले नाहीत, याचं कारण तेच. त्यांना वाटलं, घरमालक आला. आतल्या खोलीच्या मागच्या दाराने आला असेल. भाड्याचं बोलतोय.

हात थंड नव्हता, असं मामा शपथेवर सांगतात. ऊबदार होता. कोरडा. आणि सराईत... तसा हात शीनिंगमध्ये फार थोड्यांना आहे.

मामांनी सुरुवात केली. सहा.

हाताने सांगितलं, सात.

ठीक. मालक आहे, जास्तच मागणार. मामा पाचावर उतरले. आता मालकाने साडेसहावर यावं, मग दोघांनी मध्ये कुठेतरी भेटावं.

हाताने सांगितलं... आठ.

मामा चक्रावले. कमी म्हटलं की वर जाणारा मालक त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. चूक झाली असेल म्हणून त्यांनी पुन्हा पाच दाबले.

बोटं जरा थांबली. मग तर्जनीचा आकडा झाला.

नऊ.

तेव्हा मामांच्या ध्यानात आलं. विकणाऱ्याचा हात मागे मागे राहतो. घेणाऱ्याचा पुढे येतो. हा हात कोपराकडे सरकत होता.

हा विकत नव्हता. हा घेत होता.

तिथेच हात काढून घ्यायचा. पण व्यापाऱ्याच्या बाहीत चढता भाव आला की त्याचा मेंदू मनगटात उतरतो. मामांना वाटलं, वादळातून कुणी गिऱ्हाईक आत घुसलंय, थैलीतल्या मालाला देतंय. नऊ हजार! त्या मूठभर नमुन्याला!

त्यांनी तर्जनी वाकवली. नऊ. कबूल.

हाताने त्यांचा सगळा पंजा मुठीत घेतला, एकदा घट्ट दाबला, एकदा हलवला.

सौदा झाला.

"कुठल्या पेढीचे आपण?" मामांनी तोंड उघडलं.

बाही रिकामी होती.

काही वेळाने खिडकी पुन्हा तांबूस झाली. मग पिवळी. दिवा आला.

खोलीत कुणी नव्हतं.

दाराची कडी आतून तशीच. मांडीखालची थैली तशीच, गाठसुद्धा हललेली नाही.

आणि मामांनी उजवीकडे पाहिलं.

उजवीकडे भिंत होती. ते भिंतीला खांदा टेकून बसले होते. त्या बाजूला माणूसच काय, मांजरही मावलं नसतं.

ते आतल्या खोलीत गेले. तिला दुसरं दार नव्हतं. खिडकी नव्हती. जमिनीवर फक्त मातीची एक छोटी रास होती. ओलसर. नुकती ब्रशने झाडलेली.

दारावर थापा पडल्या.

मामा जागीच उभे राहिले.

"अहो, उघडा! जिवंत आहात का गेलात?"

मामी होती. आपादमस्तक धुळीने माखलेली. वादळभर ती बाजारातच, बहिणीच्या पालाखाली अडकली होती. पंचवीस माणसं साक्षीला.

संध्याकाळी घरमालक आला. निवृत्त बसड्रायव्हर, गोल पोटाचा, हसरा. मामांनी न बोलता बाही पुढे केली, तर म्हातारा खो खो हसला. "तुमचं ते बाहीतलं मला येत नाही बुवा, गुदगुल्या होतात. महिन्याला सातशे, तोंडाने सांगतो."

बाओ काकू मात्र हसली नाही. खाली बघत म्हणाली, "मी सांगितलं होतं ना, मी भाव करत नाही? या घरात आम्ही कुणीच करत नाही."

त्याच पावली मामा मामीला घेऊन बाहेर पडले आणि इद्रिस आजोबांकडे गेले. बाजारातले सगळ्यात जुने दलाल. सगळं ऐकून आजोबांनी चहातली खडीसाखर नुसतीच ढवळली.

"विकलंस काय?"

"माहीत नाही."

"नऊ म्हणजे किती?"

"...माहीत नाही."

"वा रे व्यापारी! माल माहीत नाही, भाव माहीत नाही, आणि सौदा करून मोकळा! थैली तर तशीच आहे. त्या घरात तुझं म्हणण्यासारखं दुसरं काय जाणार होतं?"

 मामांनी मामीकडे पाहिलं.

आजोबांनीही पाहिलं.

मामीला समजायला जरा वेळ लागला. मग ती म्हणाली, "नऊ? फक्त नऊ? संसार करून माझे नऊच आले?" आणि हसली. पण पेला तिने न पिताच खाली ठेवला.

"माल अजून उचललेला नाही," आजोबा म्हणाले. "तोवर मोडता येतो. ज्या हाताशी केला त्याच हाताशी मोडायचा. पण एक ध्यानात ठेव. मोडायच्या ऐवजी तो विसार ठेवेल हातावर, सौदा पक्का करायची आगाऊ रक्कम. ठेवू दे. मोजू नकोस. बघूही नकोस. मोजला, की घेतला."

दुसऱ्या दिवशी सकाळी, लख्ख उन्हात, दोघं त्या खोलीत गेली. मामी दार उघडं धरून उंबऱ्यात उभी. मामा ओट्यावर, भिंतीला खांदा लावून, बाही मोकळी सोडून.

काही नाही.

बाजारातला गलका ऐकू येत होता. कुणीतरी कुणाच्या तरी बापाचा उद्धार करत होतं.

मग आतून...

खस्... खस्...

या वेळी मामीनेही ऐकलं. तिने उंबऱ्यातूनच ओरडून विचारलं, "कोण आहे गं आत?"

आवाज थांबला. मामांची बाही जड झाली.

मामांनी पंजा सरळ ताठ ठेवून नकार दाबला. एकदा. दोनदा. सौदा नाही. माल विकायचा नाही.

समोरची बोटं ऐकत होती. घाई नव्हती त्यांना.

मग त्यांनी मामांचा तळहात अलगद वर वळवला. त्यावर काहीतरी ठेवलं. मामांचं एकेक बोट आपल्या बोटांनी मिटवलं. आईने पोराच्या हातात खाऊ द्यावा, तसं.

आणि बाही हलकी झाली.

मामा मूठ आवळून बाहेर आले.

ती मूठ त्यांनी आजतागायत उघडलेली नाही.

नदीत टाकून या, म्हणून सगळ्यांनी सांगितलं. मामा म्हणतात, "टाकायला बोटं सोडावी लागतात. आणि माझी बोटं गेली तीस वर्षं, डोळे मिटलेले असले तरी, हातावरून सरकणारं सगळं मोजतात. मी नाही म्हटलं म्हणून थांबतील?"

शीनिंग सुटलं. धंदा डाव्या हाताने होत नाही, तोही सुटला. उजव्या मुठीवर फडकं घट्ट बांधलेलं असतं. नखं आत वाढली, जखमा झाल्या. डॉक्टर म्हणाला, भूल देऊन उघडू. मामा दवाखान्यातून पळून आले.

भीती झोपेची. झोपेत माणसाची मूठ सैल पडते. म्हणून मामा झोपले की मामी दोन्ही हातांनी ती धरून बसते. सोडत नाही. ज्या बाईचा जिन्याच्या दोन पायऱ्यांवर जीव जायचा, ती आता अशी तासन् तास बसते.

गेल्या महिन्यात मी लिंशियाला गेलो होतो. दुपारची वेळ. मामा घोरत होते. मामी मूठ धरून उशाशी. अर्धी झाली होती ती. डोळ्यांखाली काळं.

"भाच्या," ती म्हणाली, "एवढं धरतोस का घटकाभर? जरा पाठ टेकते. पण लक्ष ठेव बाबा, बोलत बसू नकोस."

मी धरली. मामी पडल्या पडल्या झोपली.

मूठ गरम होती. फडक्याखाली मामांची बोटं मला कळत होती. चार बोटं, वरून अंगठा. सगळी घट्ट, सगळी जागच्या जागी.

आणि मग आतून... मामांच्या दोन बोटांच्या मधून... माझ्या तळहाताला काहीतरी टेकलं.

मामा झोपेत होते. हे मी पुन्हा सांगतो. मामा गाढ झोपेत होते.

ते टेकलं, थांबलं, आणि मग हलकेच, सराईतपणे दाबलं.

मीही त्याच बाजारात वाढलोय. मला आकडा लगेच कळला.

किती, ते मी मामीला सांगितलं नाही. तिने उठल्यावर विचारलं, "काही झालं का रे?" मी म्हटलं, "कुठे काय," आणि रात्रीच्या बसची वाट न बघता निघालो.

मी उत्तर दिलं नाही. मी बोट हलवलं नाही.

मला तरी तसं आठवतंय...

पण भाव ऐकला की व्यापाऱ्याचं बोट त्याला विचारून थोडंच हलतं?