कापलेले दोन इंच

गुरुवार, रात्रीचे आठ चाळीस. बाजारपेठेतल्या फोटो लॅबचं शटर अर्धं खाली. आत एकटाच माणूस. त्याला सगळे भिंग म्हणत, कारण भिंगाखाली धरल्याशिवाय एकही प्रिंट तो गिऱ्हाइकाला देत नसे. आहे अजून, ठणठणीत. खोटं वाटत असेल तर उद्या जाऊन विचारा, पोरांनो.

काम किरकोळ होतं. कारखान्याचा मुकादम संध्याकाळी मोबाइलवरचा एक फोटो देऊन गेला होता. गोदामाच्या दारासमोर उभे अकरा कामगार.

"आठ बाय दहा काढ. सकाळी भिंतीवर लावायचाय. तपासणीवाले येतायत."

"दहात उजव्या कडेचा माणूस जातो हो. बारा इंच काढू? सगळे मावतील."

"आकडे मलाही कळतात," मुकादम म्हणाला. "म्हणूनच दहा."

कडेचा तो माणूस महिन्यापूर्वी त्याच गोदामात धुराने गुदमरून मेला होता. आतून दार बडवत होता म्हणे. जीव गेला तो गेला, आता फोटोतूनही हाकला! भिंगाला हे ठाऊक होतं. पण नेहमीचं गिऱ्हाईक, कोण वाईटपणा घेणार? त्याने मान हलवली.

उजवीकडचे दोन इंच कापले. प्रिंट आली. माणूस गेला होता, पण शेजाऱ्याच्या खांद्यावर चार बोटं उरली होती.

"भलताच चिवट आहेस की," भिंग हसला. आणखी थोडं कापून पुन्हा काढली.

बोटं आता शेजाऱ्याच्या छातीवर होती.

त्याने प्रिंट काचेखाली धरली. फोटो दहा मोबाइल फिरून आलेला, मोठा करताना चेहऱ्यांचं पार पीठ झालेलं. नखं मात्र लख्ख दिसत होती. तुटलेली. काळी.

भिंग शटरकडे वळला.

शटर पूर्ण खाली होतं.

उचलून पाहिलं. हललं नाही. कुलूप? कुलूप त्याच्या खिशात होतं.

"अरे, कोण आहे? उघडा की!"

बाहेर शेजारचा शिंपी गिऱ्हाइकाशी हुज्जत घालत होता. शब्द न् शब्द ऐकू येत होता. भिंगाने मुठी आपटल्या. शिंप्याचं बोलणं थांबलं नाही.

धुराचा वास आला...

ठक. ठक. मागून. मशीनच्या आतून.

भिंग थांबला. तेही थांबलं.

"काय पाहिजे, बाबा, तुला?"

मग त्याला कळलं. त्याने माप बदललं. आठ बाय बारा. काहीही न कापता.

कागद सरकला. मागे शटर हातभर वर गेलं. शिंपी वाकून बघत होता. "काय रे, धापा कसल्या टाकतोस? हाक तरी मारायचीस!"

प्रिंटमध्ये अकराही जण होते. कडेचा आपल्या जागी, हात खाली. पण मोबाइलवरच्या फोटोत मागचं दार सताड उघडं आहे. प्रिंटमध्ये ते बंद आहे. वर कुलूप.

त्या मृत्यूच्या चौकशीवाल्यांनी लिहून दिलंय, गोदामाला कुलूप कधी नव्हतंच. मुकादमाने प्रिंट पाहिली, म्हणाला, "पुसट आहे. काही दिसत नाही."

पुसट! अरे, काचेखाली कुलपावरचा आकडा वाचता येतो. चौपन्न.

कारखान्याच्या कचेरीत किल्ल्यांची फळी आहे. एक ते साठ, खिळ्याखिळ्याला किल्ली. चौपन्नचा खिळा तेवढा रिकामा आहे.