पुढच्या ओट्यावरचा झोपाळा

राग मंजुळाच्या नाकाच्या शेंड्यावर बसलेलाच असे. त्या दिवशी तर तो जेवणाच्या डब्यासोबत थेट देवपुरातल्या वखारीपर्यंत चालत आला. सन पस्तीसची आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, नुकतीच झाली होती. गावोगावच्या लेकी माहेरी आल्या, निंबाच्या झोक्यावर उभ्या राहून आभाळाला भिडल्या, खिदळल्या. आली नाही ती फक्त तिची मोठी बहीण सुंदर. सासऱ्यांनी पाठवलंच नव्हतं.

वखारीत तिचे वडील भटू नाना सागाच्या फळ्या रचत होते. एक तरुण तयार झोपाळ्यांपुढे उभा होता. एकाची पितळी कडी हलवून बघे, दुसऱ्याच्या पाठीवरून हात फिरवी... जसा काही नवरी बघायला आलाय! शेवटी तो मंजुळाकडेच वळला.

"तुम्हाला कोणता बरा वाटतो?"

"टांगणार कुठं?"

"नव्या घराच्या पुढच्या ओट्यावर. आमचे आबा बसतील, पाहुणेरावळे बसतील..."

"आणि बाया?"

"त्या..." तो अडखळला. "त्या आत असतात."

संपलं! राग चढला की मंजुळाची शाळेतली मराठी पळून जाई आणि घरची बोली तोंडात येई. "मग माले काय इचारतस? ओटा तुमना, झोपाळा तुमना, बठ्ठं तुमनंच शे! आमनं काय? फडकं!"

सुंदरच्या सासरी असाच ऐटदार झोपाळा होता. ती तो रोज पुसायची. बसली मात्र कधीच नव्हती.

"मंजुळे!" नाना ओरडले. तो तरुण हसला... चक्क हसला! डबा आपटून ती तरातरा निघून गेली.

त्याचं नाव जीवराम, कापडण्याचा, नानांच्या सोयऱ्यांपैकीच. झोपाळा काही त्याच्याने ठरेना. कधी कड्या कुरकुरतात, कधी फळी अरुंद. आणि येणं नेमकं डब्याच्या वेळेला.

"मागच्या अंगणात टांगला तर?" एकदा त्याने हळूच विचारलं. "तिथं बायांना बसता येईल."

"गुरांच्या शेजारी? वा! गव्हाणही तिथंच मांडा आमच्यासाठी."

"तुम्ही कायम अशाच चिडता?"

"तुम्ही कायम असंच विचारता?"

त्याच्या केसांत लाकडाचा भुसा अडकला होता. तो झटकून टाकावा असं तिला वाटलं... आणि तसं वाटलं याचा तिला आणखी राग आला. हल्ली रस्त्यावर टांगा वाजला की तिचे कान टवकारत. त्याचाही रागच.

मग कापडण्याहून मागणी आली. नाना हरखले. मंजुळाने मात्र जीवरामला वखारीतच गाठलं.

"ज्या ओट्यावर बसायची मला बंदी, त्या घरात मी येणार नाही. कळलं?" तिचा आवाज कापला. "तुम्ही आवडता मला... म्हणून तर जास्त संताप होतो!"

जीवरामचा चेहरा उतरला. पाठ असलेला, दोघांना ऐसपैस पुरेल असा झोपाळा त्याने गाडीत चढवला आणि तो निघून गेला. त्यानंतर तो फिरकला नाही. मंजुळा आधी त्याच्यावर चिडली, मग नानांवर, मग स्वतःवर.

मग एके दिवशी ऐन दुपारच्या उन्हात तो आला. डोळे लाल, जबडा आवळलेला. आज राग त्याच्याकडे होता.

"टांगला. पुढच्याच ओट्यावर," तो म्हणाला. "आईला म्हटलं, बस. ती म्हणाली, लोक काय म्हणतील? हाताला धरून बसवली. सगळी गल्ली बघत होती. आबांनी पागोटं उचललं आणि मळ्यात निघून गेले. न्याहारीलाही आले नाहीत."

"आणि तुम्ही?"

"मी? मी झोका दिला."

मंजुळा एक पाऊल पुढे आली. "आई हसली?"

"आधी रडली. मग म्हणाली, जोरात दे."

"उठनी का मंग?"

"नही. मी निघालो तेव्हा शेजारच्या बायाही तिच्या बाजूला दाटीवाटीने बसल्या होत्या." त्याने घाम पुसला. "पण आबा पेटलेत. मळ्यात गाठलं तर म्हणाले, हे खूळ त्या वखारीतल्या पोरीचं. ती या घरात आली तर मी तिच्याशी जन्मात बोलणार नाही."

मंजुळाने पदर खोचला. "नका बोलू म्हणावं! मी बोलेन की त्यांच्याशी. चांगली समोर उभी राहून बोलेन."

जीवराम तिच्याकडे बघतच राहिला. "म्हणजे... येणार तुम्ही?"

"मग काय," ती कडाडली, "देवपुरातून ओरडू का कापडण्यापर्यंत?"