मोटरबोटीची मागची सीट

हे कोणी खरं मानणार नाही, हे मी आधीच सांगून टाकतो. पण आईशप्पथ, अक्षर न् अक्षर खरं आहे.

मी हे लिहितोय आणि लिहिलेलं मोठ्याने वाचतोयही. समोर बायको, सुनंदा, मटार सोलत ऐकते आहे. ती साक्षीला.

तर... लखनौ. नव्वदच्या दशकातला जानेवारी. दुपार टळलेली. गोमतीवर धुकं असं दाट, की बिडी ओढली तर धूर कुठला आणि धुकं कुठलं ते कळेना.

मी तेव्हा एका सरकारी खात्यात स्टोअर सांभाळायचो. खात्याकडे एक जुनी मोटरबोट होती. पूर आला की माणसं काढायची, एरवी साहेबांचे पाहुणे फिरवायचे.

बोटीत एकच खोट होती.

मागच्या सीटचा उजवा कोपरा...

तो कायम ओला असायचा.

जूनमध्ये बोट महिनाभर काठावर उन्हात पडली होती. तरी तिथे बसलेला माणूस ओल्या कपड्यांनी उठला. बडे बाबू वैतागले. "अरे नागसेन जी, कुछ कीजिए! मेमसाब की तीसरी साड़ी गई!"

मी मेहुण्याला, दत्तूला, बोलावून घेतलं. नोकरी शोधायला तो आमच्याकडे अलीगंजला येऊन राहिला होता. नागपुरात त्याने स्कूटरच्या सीटा मढवल्या होत्या.

"स्कूटर काय न् बोट काय, भाऊजी! बूड तेच ना?"

आम्ही गंजलेले स्क्रू काढले. जुनं रेक्झिन फाडलं.

आतल्या फोमला एक खळगा होता. कोणीतरी पाय जवळ घेऊन, अंग चोरून बसावं तसा.

दत्तूने फोम पिळला. पाणी गळलं. पुन्हा पिळला... पुन्हा गळलं.

घाटावरचा नावाडी, रामसजीवन मल्लाह, हे बघत होता. म्हणाला, "उस कोने में बाढ़ वाली बैठती है, बाबूजी. बाढ़ में हमने उसे पेड़ से उतारकर बोट में बिठाया. किनारे आए तो सीट गीली थी... और वो थी नहीं."

दत्तू हसला. "म्हणजे बाई बिनतिकीट फिरतात!"

मी पण हसलो. तेवढ्यापुरता.

चारबागहून नवा, कोरडा फोम आणला. आता खरी चूक ऐका. सीट उलटी जमिनीवर ठेवून रेक्झिन ठोकायचं, ही साधी रीत. पण दत्तूची स्कूटरची सवय! एकाने वर बसून फोम दाबायचा, दुसऱ्याने खालून रेक्झिन ओढून बारीक खिळे मारायचे. आम्ही घाटाला बांधलेल्या बोटीतच सीटची फळी जागेवर बसवली. दत्तू बारीक, मी जाड. म्हणून वर कोणी बसायला हवं होतं? मी!

"तुम्ही खाली शिरा भाऊजी, मला अंधाराची भीती वाटते."

मी उताणा, फळीखाली. पाय तेवढे बाहेर.

"बसलास का रे?"

उत्तर नाही. पण फळी दबली. फोम सुस्कारला... म्हणजे बसला.

मी ठोकायला लागलो. ठक. ठक. ठक.

"जरा उजवीकडे सरक."

वजन सरकलं. निमूट.

दत्तू आणि निमूट? मला तेव्हाच कळायला हवं होतं...

तेवढ्यात लांबून, घाटावरून, आवाज आला.

"भाऊजीऽऽ, चहात आलं टाकायला सांगू का?"

दत्तूचा आवाज.

माझ्या हातातली हातोडी थांबली.

मग वर...

वर कोण बसलंय?

टप्... कपाळावर थेंब पडला. कोऱ्या फोममधून. गार.

बाहेर सरकायला गेलो. फळी छातीवर आली. जोर नाही केला कुणी, नुसतं वजन. ओल्या माणसाचं असावं तसं. श्वास अर्धाही येईना.

"दत्तू, येऊ नको!" मी ओरडलो. निघालं फक्त "दत्तू... ये..."

"आलो, आलो! जीव जातोय का चहाविना?"

त्याच्या चपला पायऱ्यांवर वाजल्या. बोट काठापासून हळूच सुटली, ते मला पाठीखाली कळलं. धुक्यात त्याला ते दिसणार नव्हतं. मध्ये पाणी होतं. आणि दत्तूला पोहता येत नाही.

मी लाथा झाडल्या. हातोडी आपटली.

ग्लास फुटले.

छपाक.

मग त्याचे हात. बोटीच्या अंगावर, माझ्या कानापासून वीतभर. थप... थप थप... मध्ये फक्त एक पत्रा. मी इकडून तळवा लावला. बाकी काहीच करता येत नव्हतं.

थप...

मग तेही नाही.

आणि वरचं वजन... उठलं.

बोट एका बाजूला कलली.

दुसऱ्यांदा, छपाक!

ती उडी माझी, मंडळी! फळी भिरकावली, गोमतीत झेप घेतली, दत्तूला कॉलर धरून वर काढला, बोटीत टाकला—

"खोटं!"

सुनंदाने मटारचं ताट खाली ठेवलं.

"इतकी वर्षं ऐकून घेतलं. पण आता छापायला देताय, म्हणून सांगते. तुमचा डबा घेऊन मी घाटावर आले होते, आठवतं? बोट पुन्हा काठाला लागलेली, दत्तू तिच्यात पडला होता. नखशिखांत भिजलेला, खोकत होता. आणि तुम्ही अजून फळीखालीच होता, पाय तेवढे बाहेर. रामसजीवनने ओढून काढलं तुम्हाला. अंगावरचा स्वेटर कोरडा होता तुमचा."

मी कागद खाली ठेवला.

"दत्तूला वाटतं, भाऊजींनी वाचवलं. मी त्याला कधी सांगितलं नाही. घाबरला असता पोरगा. पण मला तरी सांगा ना..."

तिचा आवाज खाली आला.

"तुम्ही नव्हता, तर माझ्या भावाला काढलं कोणी?"