पांढरा ठिपका

राणीला त्या संध्याकाळी पर्मनंटची ऑर्डर मिळणार होती. सोबत पीएफ, दवाखान्याचं कार्ड आणि लग्नाच्या बाजारात पार वडूजपर्यंत चढलेला भाव. तिच्या जागी कुणीही पाना उचललाच असता.

हे ऐकीव नाही. राणी माझी मामेबहीण, आणि मी त्याच कारखान्यात स्टोअरला. गेल्या खंडेनवमीची दुपार. कुपवाडची एमआयडीसी.

आम्ही टेम्पोचे ब्रेक सिलिंडर जोडतो. बारीक नजरेचं काम. नट पुरेसा आवळला की पाना ‘कट्’ वाजतो. मग नटावर आपापल्या रंगाचा ठिपका द्यायचा. तक्रार आली की मान कुणाची धरायची, ते कळतं.

राणीचा पिवळा. तिच्या समोरच्या टेबलावर काम करणाऱ्या हरणाबाईंचा पांढरा.

हरणाबाई उन्हाळ्यात मिरजेच्या दवाखान्यात वारल्या. पांढरा रंग नंतर कुणाला दिलाच नाही.

सकाळी हत्यारांची पूजा झाली. त्या दिवशी हत्याराला हात लावत नाहीत. आम्ही दोघं सोडून सगळे पेढे खाऊन घरी गेले. पण सुपरवायझर अवधूतनं राणीला बजावलं होतं, “गाडी यायच्या आत लॉट पुरा दे, ऑर्डर घेऊन जा. एक पीस कमी पडला, तर पुढच्या वर्षी बघू.”

तिनं झेंडूखालचा पाना ओढला.

“राणे, आज नको गं.”

“दादा, देव ऐकून घील. अवधूतसायेब ऐकायचा न्हाई.”

कट्.

समोरच्या रिकाम्या टेबलावरून... कट्.

“आवाज घुमतोय,” मी म्हणालो.

“पत्र्याचं शेड हाय. घुमणारच.” तिनं मान वर केली नाही.

मग ती पाना ठेवून पाणी प्यायली.

समोरून... कट्.

पंखे बंद. रस्त्यावर चिटपाखरू नाही.

पेट्या भरताना दिसलं. प्रत्येक पिवळ्या ठिपक्याशेजारी... एक पांढरा. ओला. बोटाला लागला.

स्टोअर माझ्या ताब्यात. पांढऱ्या रंगाची बाटली उन्हाळ्यापासून आमच्याकडे नव्हतीच.

घाबरायला हवं होतं. घाबरलो नाही. हात नुसते चालत राहिले.

शेवटच्या पिसावर मात्र पांढरा नव्हता.

राणीनं तो खोलला. सील बघितलं, स्प्रिंग बघितली. परत जोडला. थांबली...

समोरून काहीच नाही.

“बाईंना ह्यो पसंत न्हाई,” मी म्हणालो.

“मग काय चुकलंय ते सांगावं की त्यांनी!”

फाटकावर गाडीचा हॉर्न वाजला. तिनं पीस पेटीत टाकला.

दिवाळीनंतर एक सिलिंडर परत आला. आष्ट्याच्या टेम्पोचा. उतारावर ब्रेक लागलाच नव्हता.

त्यावर फक्त पिवळा ठिपका.

कापून तपासला. दोष सापडला नाही. त्यामुळे मान कुणाचीच धरली नाही.

राणी पर्मनंट आहे. माझ्यासमोर बसून डबा खाते. काय भाजी होती विचारलं तर तिला सांगता येत नाही. अवधूतला बढती मिळाली. मला बोनस मिळाला, तो मी घेतला.

किंमत भरली ती आष्ट्याच्या त्या टेम्पोवाल्या नाथाजीनं. तो जागीच गेला. त्यानं आमच्यातल्या कुणाला कधी पाहिलंही नव्हतं.