सावली पुसायची राहून गेली

माझं काम अगदी साधं होतं. बाळाच्या फोटोतून कचऱ्याचा डबा काढून टाकायचा. फोटो छान आला होता. अंगणात बर्फ, त्यावर तिरपं ऊन, बाबागाडीत झोपलेला माझा बेर्ट्राम. आणि नेमका त्याच्या डोक्यामागे नगरपालिकेचा हिरवा डबा. नाताळच्या कार्डावर डबा कोणाला हवाय? म्हणून मी लॅपटॉप घेऊन होल्गेरच्या वर्गाला गेले. गुरुवार, चार डिसेंबर.

होल्गेर म्हणजे आमच्या लेमविग गावातले जुने फोटोवाले. चाळीस वर्षं दुकान चालवून त्यांनी ते बंद केलं, आणि आता हिवाळ्यात दर गुरुवारी गावच्या सभागृहात हौशी लोकांना फोटो एडिटिंग शिकवतात. हौशी लोक म्हणजे आम्ही तिघं. मी, डेअरीत काम करणारा आस्गेर, जो साहेबाच्या धडावर बोकडाचं डोकं बसवण्यापलीकडे अजून काही शिकलेला नाही, आणि त्याची मैत्रीण लिव, जी त्याच्यावर लक्ष ठेवायला येते.

साडेचारला वर्ग सुरू होतो तेव्हाच बाहेर काळोख झालेला असतो. बेर्ट्रामची बाबागाडी मी नेहमीसारखी बाहेर खिडकीखाली लावली होती. आमच्या डेन्मार्कमध्ये थंडीत बाळं बाहेरच गाढ झोपतात. मलाही आई अशीच झोपवायची. तरी मी दर दहा मिनिटांनी उठून बघते, आणि दर वेळी काहीतरी वेगळं कारण सांगून उठते, जसं काही कोणाला कळतच नाही.

"बघा," मी म्हणाले. "गेला डबा!"

होल्गेरनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला. बराच वेळ बघत राहिले.

"डबा गेला, विबे. पण ही सावली कोणाची?"

खरंच. बर्फावर एक लांबलचक चौकोनी सावली पडली होती. आणि ती पाडणारं काहीच नव्हतं.

"डब्याचं भूत!" आस्गेर म्हणाला. "विबे, कार्डावर लिही, आमच्या कुटुंबाकडून आणि स्वर्गवासी डब्याकडून शुभेच्छा."

आम्ही हसलो. होल्गेर हसले नाहीत. त्यांनी उठून प्रोजेक्टर बंद केला, दिवाही बंद केला. टेबलावर उरली ती एक ते चोवीस आकड्यांची डिसेंबरची मेणबत्ती. रोज एक आकडा जाळायचा असतो. चारचा आकडा अर्धा वितळला होता.

"कॉफी ओता," ते म्हणाले. "एका मुलीची गोष्ट सांगतो. माझ्या चांगल्या ओळखीची. तिला आपण सोल्वाय म्हणू. खरं नाव सांगितलं तर ही लिव लगेच फोनवर शोधेल."

"मी कशाला शोधीन?" म्हणत लिवने फोन पालथा ठेवला.

पुढचं होल्गेरच्याच शब्दांत लिहिते. मध्ये मी दोनदा खिडकीशी जाऊन आले, ते सोडून देते.

*

सोल्वाय माझ्याकडे आली ती एका फोटोची मोठी प्रत छापून घ्यायला. मागच्या वर्षी, नोव्हेंबरची सत्तावीस, बुधवार, सकाळी दहा वाजता. दुकान बंद केलं तरी छापायचं यंत्र मी घराच्या तळघरात ठेवलंय. तिला नवऱ्याला नाताळची भेट द्यायची होती. नवरा एस्बेन, समुद्रातल्या पवनचक्क्यांवर कामाला. दोन आठवडे तिकडे, दोन आठवडे घरी. तेव्हा तो तिकडे होता. घरात सोल्वाय आणि सात महिन्यांची त्यूरा, दोघीच.

हा छंद तिला बाळंतपणाच्या रजेत लागला. रोज दुपारी पावणेतीनला ती त्यूराला बाबागाडीत घालून सफरचंदाच्या झाडाखाली ठेवायची. स्वयंपाकघराच्या खिडकीतून एक फोटो काढायची. मग पोर झोपलेली असेपर्यंत त्या फोटोचं वाटेल ते करायची. एके दिवशी झाडाला सफरचंदांऐवजी हेरिंग मासे लटकलेले. एके दिवशी छपरावर देवमासा आडवा पडलेला. एकदा बाबागाडीला शिडं लावून तिने ती खाडीत सोडून दिली होती. तिच्या बरोबरीच्या आया म्हणायच्या, "सोल्वाय, तुझी पोर कधी जमिनीवर झोपते की नाही?" पण हात चांगला होता तिचा. आधी भेटली असती तर दुकानात ठेवून घेतली असती.

छापायचा फोटो सोमवारचा होता. त्यात मासे नाहीत, काही नाही. नुसती बाबागाडी, झाड, बर्फ आणि मागचं झुडपांचं कुंपण.

"ह्यात मी काहीच केलं नाहीये," ती म्हणाली. "कुंपणाजवळ एक डाग होता, तेवढा काढला."

छापण्याआधी मी फोटो पडद्यावर मोठा करून कोपरा अन् कोपरा बघतो. कुंपणापाशी आलो. डाग तिने सफाईने काढला होता. शेजारच्या फांद्या उचलून त्यावर ठेवल्या होत्या, सांधा दिसत नव्हता. पण खाली बर्फावर सावली होती. लांब. बारीक. आणि तिच्या टोकाला डोकं होतं.

"सोल्वाय, डाग कसा होता गं?"

"करडा. उभा. खिडकीच्या काचेवर काहीतरी असेल. पुसली मी नंतर."

"काचेवरच्या डागाची सावली बर्फात पडत नाही, पोरी."

"मग झाडाची असेल."

"झाडाची ही बघ, इकडे."

ती वाकून बघत राहिली.

"मूळ फोटो दाखव," मी म्हणालो.

"मूळ नाहीये. मी त्याच्यावरच सेव्ह करते."

तुम्हाला दर गुरुवारी ओरडतो ना, प्रत काढा, प्रतीवर काम करा? ते का ओरडतो हे आता कळेल.

"काल होता का डाग?" मी विचारलं.

"होता." आता तिचा आवाज उतरला होता. "पण कुंपणापाशी नाही. झाडापाशी."

"मग?"

"पुसला."

मी फोटो छापला नाही. तिला म्हणालो, "पुन्हा दिसला तर हात लावू नकोस. आधी बाहेर जा, पोरीला आत घे, मग मला फोन कर."

"होल्गेर, तुम्ही मला घाबरवताय."

"घाबर थोडी. फुकट आहे."

त्या दुपारी तिने मला त्या दिवशीचा फोटो पाठवला. बाबागाडी, झाड, बर्फ. कुंपणापाशी काही नाही, झाडापाशी काही नाही. खाली लिहिलं होतं: 'काचच घाण होती, म्हातारोबा!' मलाही हायसं वाटलं. स्वतःवरच हसलो मी.

आता वाटतं, ते गेलं नव्हतं. बाबागाडीच्या छताआड होतं.

*

"होल्गेर," लिव म्हणाली, "बाळ बरं आहे ना? आधी ते सांगा. नाहीतर मी चालले."

"आधी तेच सांगितलं तर मग मी इथे कॉफी प्यायला बसलोय का?"

"पण ते होतं कोण?" आस्गेरने विचारलं. तो आता मस्करी करत नव्हता. "त्या घरात कोणी मेलं होतं का?"

"घर चार वर्षांपूर्वीचं, पोरा. त्याआधी तिथे बटाट्याचं शेत होतं. मला माहीत नाही कोण होतं. सोल्वायलाही माहीत नाही. तिने दोनदा पाहिलं, आणि दोन्ही वेळा ती त्याला डाग समजली."

डबा मी अर्ध्या मिनिटात पुसला होता. पुसण्याआधी त्याच्याकडे नीट पाहिलं होतं का, ते आठवत होते.

*

दुसरा दिवस, गुरुवार. अठ्ठावीस तारीख. चार वाजून वीस मिनिटांनी माझा फोन वाजला. बाहेर दिसेनासं झालं होतं.

"होल्गेर." फार हळू बोलत होती. "मी आत्ता फोटो उघडला. आजचा."

"कधी काढलेला?"

"रोजच्यासारखा. पावणेतीनला."

"त्यूरा कुठे आहे?"

"बाहेर."

"अजून?"

"रोज चारला उठते. आज उठलीच नाही. अलार्म टेबलावर आहे, श्वास ऐकू येतोय तिचा. म्हटलं, झोपतेय तर झोपू दे..."

बाळाचा आवाज घरात ऐकवणारं यंत्र, एक भाग बाबागाडीत, एक आत. विबे, तुझ्याकडेही आहे.

"फोटोत काय आहे, सोल्वाय?"

तिकडे खुर्ची करकरली.

"सोल्वाय?"

"हात आहे."

मी उभा राहिलो.

"छताआडून आलाय. नुसता हात. बोटं तिच्या गालावर ठेवलीयत. चार बोटं."

"बाहेर जा."

"हो."

"आत्ताच्या आत्ता. फोन टाक आणि जा."

"हो... जाते..."

आणि मला एक आवाज आला.

टक्.

माउसचा. तो आवाज मी झोपेतही ओळखीन.

"सोल्वाय, काय करतेयस?"

"एकच मिनिट. तिचा गाल..."

टक्.

"पुसू नकोस! पोरी, ऐक माझं..."

ती काय करतेय ते मला न दिसता दिसत होतं. शेजारची कातडी उचलायची. बोटावर ठेवायची. एक गेलं. शेजारची कातडी. दुसरं गेलं.

टक्.

मग अलार्म. फोनमधून मलाही ऐकू येत होता तो, इतका वेळ. बारीक, सावकाश श्वास. आत... बाहेर... आत...

थांबला.

खुर्ची पडली. दार आपटलं.

मग काही नाही.

मी फोन कानाला धरून उभा. उघड्या दारातून वारा येत असणार, तेवढाच आवाज. हाक नाही. रडणं नाही. घड्याळ समोर होतं. चार चोवीस. मी तिचं नाव घेतलं. चार पंचवीस. पुन्हा घेतलं. चार सव्वीस...

*

इथे मी उठले. काही कारण वगैरे सांगितलं नाही. बाहेर जाऊन बेर्ट्रामला दुलईसकट उचललं आणि आत आणलं. लिवने दार धरलं. आस्गेरने माझी खुर्ची भिंतीपासून ओढून मेणबत्तीजवळ घेतली. बेर्ट्राम जागासुद्धा झाला नाही. नाक गार, मान गरम, अगदी असायला हवी तशी.

होल्गेर मी बसेपर्यंत थांबले.

*

चार सत्तावीसला पोर रडली. मोठ्यांदा. असं तोंडभर, रागारागाने रडली.

गाडी काढून गेलो. सोल्वाय स्वयंपाकघरात जमिनीवर बसली होती, त्यूराला अंगाशी धरून, वरून कोट. दार सताड उघडं. मी लावलं.

"काय झालं तिथे?"

"माहीत नाही. मी गेले तेव्हा ती झोपलेली होती. श्वास नव्हता... की होता, माहीत नाही. मी हलवलं. खूप हलवलं. मग रडली."

"दुसरं कोणी?"

"नाही. कोणी नाही."

कोट नीट करत म्हणाली, "तुम्ही विचारत नाही, पण मनात विचारताय. आधी का नाही धावले."

"मी काही नाही विचारत."

"मला वाटलं, फोटोतून गेलं तर बाहेरही नसेल. मी बाहेर जाईन तेव्हा तिथे नको असायला, होल्गेर. एवढंच वाटत होतं. पायच उचलेनात, आणि हात थांबेना."

मी डॉक्टरला बोलावलं. त्याने पोरीला तपासलं. छाती साफ, ताप नाही, सगळं ठीक. थंडीबद्दल दोन शब्द बोलला आणि गेला. मग मी टेबलावरच्या संगणकाचा पडदा पाहिला. फोटो तसाच उघडा होता. ती खोटं बोलली नव्हती. छताआडून मनगट आलं होतं, करडं, कोरडं. त्याच्यापुढे त्यूराचा गाल. तीन बोटं गेली होती. इतकी सफाईने, की तिथे कधी काही होतं असं कोणी म्हटलं नसतं. माझ्याही हातून तसं काम झालं नसतं.

चौथं तसंच होतं. गालात जरासं रुतलेलं.

*

"मग?" आस्गेर म्हणाला.

"मग काय? मूळ फोटो नव्हताच, तिने सवयीने सेव्ह केलं होतं. फाइल काढून टाकली आम्ही. दोघांनी मिळून बटण दाबलं. त्यानंतर तिने एकही फोटो काढलेला नाही. मोबाईलवरसुद्धा नाही."

"आणि ते परत...?"

"नाही. काही नाही."

लिवने मोठा श्वास सोडला. "म्हणजे त्यूरा बरी आहे."

"ठणठणीत आहे. दीड वर्षाची झालीय, चालते, चावते. शनिवारी बेकरीत भेटल्या दोघी, त्यूरा ढकलगाडीत झोपलेली. पाव देणारी बाई वाकून बघते आणि म्हणते, अगं, हिच्या गालावर काय सुंदर खळी आहे. सोल्वायने ढकलगाडी वळवली. पाव न घेताच निघून गेली."

"पण खळी तर गोडच दिसते," लिव म्हणाली. "दोन्ही गालांवर पडते?"

"एकाच."

"हसताना?"

होल्गेर चष्मा पुसत होते. बराच वेळ पुसत राहिले.

"हसताना नाही पडत," ते म्हणाले. "झोपली की पडते."