बारावी गाडी

जुनी फोर बाय फोर घ्यायची, डोंगरात हिंडायचं, रानात गाडीतच झोपायचं म्हणताय. चांगली गोष्ट आहे. बसा. तुमची गाडी मी बघून देईन, पण आधी एक हकीकत सांगतो. ती ऐका आणि मग माझ्याकडून गाडी तपासून घ्यायची की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा.

तीस वर्षं मी हेच करत आलो. मी गाड्या विकत नाही, दुरुस्तही करत नाही. बघतो आणि घ्या किंवा घेऊ नका एवढंच सांगतो. लोक रंगाला भुलतात. मी आधी खाली शिरतो. चेसिसवर छोट्या हातोडीने वाजवत जायचं. निरोगी लोखंड ठण्ण वाजतं, आतून गंजलेलं थप्प करतं. मग पायाखालची मॅट उचलायची. सीटचा पट्टा शेवटपर्यंत बाहेर ओढायचा. गाडी कधी पुरात बुडालेली असेल तर त्या शेवटच्या वीतभर पट्ट्यावर गाळाची रेघ सापडते, विकणारा तेवढं धुवायला विसरतोच. मग चारही चाकं ओढणारा छोटा गिअर टाकून गाडी चढावर न्यायची. आणि दोष सापडला की गिऱ्हाइकाचा हात धरून त्या जागी ठेवायचा. तोंडी सांगितलेलं माणसाला पटत नाही, बोटाला भेग लागली की पटतं. या सवयीमुळेच माझं नाव झालं.

मला एकच मुलगी. लहानपणी पाच मिनिटं एका जागी टिकायची नाही, म्हणून आम्ही तिला भिंगरी म्हणायचो. एकोणतीस वर्षांची झाली तरी घरात तेच नाव चालू होतं. नकाशे बनवणाऱ्या एका कंपनीत ती कामाला होती. दिवसभर खुर्चीत बसून पडद्यावर कुठकुठल्या डोंगरांतले रस्ते आखायचे. एक दिवस जेवताना म्हणाली, "बाबा, सात वर्षं रस्ते काढतेय. आता जाऊन बघणार आहे, ते खरंच तिथे आहेत का."

वर्षभर फिरायचं, एकटीने, आणि राहायचं गाडीतच. गाडी मी पारखून द्यायची. तिच्या आईला जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती आणि घरात आम्ही दोघंच होतो. मी तोंडाने हो म्हटलं आणि मनात म्हटलं, बघू.

पहिल्या चार गाड्या खरोखरच भंगार होत्या. पाचवी चांगली होती. मी तिच्याखाली शिरलो, पाठीवर पडून वरचं स्वच्छ लोखंड पाहिलं आणि माझ्या डोळ्यांसमोर रिकामं घर आलं. एक ताट, एक कप, आणि रात्री दाराला मीच लावलेली कडी. बाहेर येऊन हात पुसले आणि म्हणालो, "चेसिसला तडा आहे. नको." सहावीचा गिअर बिघडवला, सातवी पुरातली ठरवली, सगळं तोंडानेच. अशा सात गाड्या मी खोटं बोलून घालवल्या.

पोरगी काही दुधखुळी नव्हती. अकरावी गाडी बघून परत येताना म्हणाली, "बाबा, लोकांचा हात धरून तू त्यांना दोष दाखवतोस. चौथ्या गाडीनंतर माझा हात तू धरलेला नाहीस."

मी उगाचच हॉर्न वाजवला.

"आता एकच बघायची," ती म्हणाली. "तिच्यातही खोट निघाली तर मी मिळेल ती गाडी घेईन आणि जाईन. तुला विचारणार नाही." ती बोलली म्हणजे करणार, हे मला माहीत होतं. गंजक्या गाडीत बसून पोर एकटी घाटात जाणार, या विचाराने त्या आठवड्यात माझ्या डोळ्याला डोळा लागला नाही.

बारावी गाडी शहर संपतं तिथल्या एका बैठ्या घराच्या आवारात, पत्र्याच्या शेडखाली होती. दुपारचे तीन वाजले असतील, पण धुकं एवढं उतरलं होतं की दिवे लावून जावं लागलं. दार एका साठीच्या बाईंनी उघडलं. शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या होत्या. गाडी त्यांच्या नवऱ्याची, आणि तो वर्षापूर्वी वारला होता. त्यांनी चावी माझ्या हातात दिली आणि कागदपत्रं दाखवायला भिंगरीला घरात नेलं. नवऱ्याचे जुने नकाशेही तिथे होते, म्हणजे ती लवकर बाहेर येणार नव्हती.

मी गाडीचं दार उघडलं. आत कॅनव्हासचा वास होता, आणि त्याखाली दुसरा एक, कुणीतरी नुकतंच उठून गेलेल्या अंथरुणाला येतो तसा. गाडी वर्षभर बंद होती. मॅट कोरडी, पट्टे शेवटपर्यंत स्वच्छ. मी दार लावलं, चावीने कुलूप घातलं, चावी खिशात टाकली आणि खाली शिरलो.

एवढं चांगलं लोखंड मी फार थोड्या गाड्यांना पाहिलंय. मागच्या टोकाला हातोडी मारली. ठण्ण. आणि लगेच वरून, गाडीच्या फरशीतून, टक्. बोटाच्या सांध्याने दारावर वाजवावं तसं.

मला वाटलं, भिंगरी आत येऊन बसली. "उतर गं, काम चाललंय," मी म्हणालो.

कुणी बोललं नाही. मी पुन्हा मारलं. ठण्ण. पुन्हा टक्. हातभर पुढे सरकून मारलं, तर तेही हातभर पुढे सरकून वाजलं. बरोबर माझ्या तोंडावर. मग मी हातोडी छातीवर ठेवून नुसता पडून राहिलो. धुक्यामुळे बाहेरचा कसलाही आवाज येत नव्हता. बराच वेळ गेला... आणि मी न वाजवताच वर हलकेच एकदा वाजलं. विचारल्यासारखं.

मी बाहेर कसा आलो ते आठवत नाही. कोपर खरचटलं होतं. दारं कुलूपबंद होती, चावी माझ्याच खिशात. आत कुणी नव्हतं. पण मघाशी स्वच्छ असलेल्या काचांना आता आतून वाफ धरली होती.

बाई चहा घेऊन शेडच्या तोंडाशी उभ्या होत्या. किती वेळ, कोण जाणे.

"वाजलं का?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"काय वाजायचं?"

"मला कधी ऐकू आलं नाही. ह्यांना यायचं." त्यांनी कप माझ्या हातात दिला. "तीन वर्षं हे खूप हिंडले या गाडीत. मग एकदा परत आले आणि... पुन्हा गेलेच नाहीत. इथेच बसून असायचे, आत. जेवणसुद्धा मी इथे आणून द्यायचे. बाहेरून बोलण्याचा आवाज यायचा. मी दार उघडलं की थांबायचा."

"कुणाशी बोलायचे?"

"विचारलं नाही हो मी. राग यायचा मला. चाळीस वर्षांच्या संसारात माझ्याशी एवढं बोलले नव्हते."

"आजारी होते का?"

"छे. सुखात होते. गेले तेही झोपेतच, इथेच. शेवटची दोन वर्षं कुठे जायचं नावसुद्धा काढलं नाही त्यांनी." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मुलीला सांगायचं तर सांगा. मी लपवणार नाही."

कुठे जायचं नावसुद्धा काढलं नाही. ते वाक्य माझ्या कानात बसलं. मी घाबरलो होतो, कपातला चहा बशीत सांडत होता. पण त्या भीतीच्या आड मला दुसरंही काही वाटलं, आणि ते मी आज लपवत नाही. मला हायसं वाटलं.

भिंगरी नकाशांची गुंडाळी काखेत घेऊन बाहेर आली. बाईंनी ते तिला देऊन टाकले होते. आम्ही गाडी घरामागच्या चढावर नेली. छोट्या गिअरमध्ये ती ओल्या दगडांवरून न घसरता, न कुरकुरता चढली. वर पोचल्यावर भिंगरीने इंजिन बंद केलं.

"सांग बाबा. काय खोट आहे हिच्यात?"

मी तिचा हात धरला आणि समोरच्या पत्र्यावर टेकवला. "काही नाही. अशी गाडी पुन्हा मिळायची नाही. घे."

ती माझ्या गळ्यात पडली. चौथ्या गाडीनंतर मी तिच्याशी पहिल्यांदाच खरं बोललो, असं तिला वाटलं. आणि बघा, त्यात एक शब्दही खोटा नव्हता.

गाडी आमच्या अंगणात आली. भिंगरीने नोकरी सोडली. आत, सीटच्या मागे, फळ्यांचा पलंग केला, कप्पे केले, शेगडी बसवली, पाण्याची टाकी बांधली. सोमवारी निघायचं ठरलं. सोमवारी म्हणाली, पडदे राहिलेत. पुढच्या सोमवारी म्हणाली, टायर एकदा बघून घेऊ. मग तिने सोमवार म्हणायचं सोडलं. सवय व्हावी म्हणून ती रात्री गाडीत झोपू लागली, मग जेवणही तिथेच नेऊ लागली. आणि मी, तिचा बाप, मनातल्या मनात खूश होतो. लेक डोळ्यांसमोर होती, अंगणात, हाकेच्या अंतरावर. ताटं अजून दोन लागत होती.

दुसऱ्या महिन्यात मला आतून तिच्या बोलण्याचा आवाज ऐकू आला. मधेच हसली. मी जवळ गेलो तशी गप्प झाली.

"फोनवर होतीस का गं?"

"नाही रे."

तिला दुखत खुपत काही नव्हतं. उलट चेहऱ्यावर तजेला आला होता. फक्त मी काही विचारलं की उत्तर जरा उशिरा यायचं, दुसऱ्या कुणाचं तरी बोलणं आधी संपू द्यावं तसं. मैत्रिणी येऊन गेल्या. ती काचेच्या फटीतून चार शब्द बोलली आणि काच वर केली. नकाशांची गुंडाळी पावसात बाहेर भिजली, तिने उचलली नाही. एकदा मी तिला हाताला धरून फाटकापर्यंत नेलं. ती निमूट आली, फाटकाचा गज धरून उभी राहिली आणि थरथर कापायला लागली. "बाबा, इथे फार एकटं वाटतं," म्हणाली. भर दिवस होता, रस्त्यावर माणसांची ये-जा होती, आणि मी तिच्या शेजारी उभा होतो. तिला परत नेऊन बसवलं तेव्हा कापरं थांबलं.

आपल्याच हाताने केलेलं कुणाला सांगणार?

सातव्या महिन्यात मी तेरावी गाडी शोधली. महिनाभर गावोगाव फिरलो, चाळीसेक गाड्यांच्या खाली पडलो आणि त्यातली सगळ्यांत चांगली घेऊन आलो. संध्याकाळ होत आली होती. ती फाटकाशी उभी केली आणि चावी घेऊन भिंगरीच्या गाडीजवळ गेलो. काचांना आतून वाफ होती. मी पुढचं दार उघडलं. ती स्टिअरिंगसमोर बसली होती, दोन्ही हात मांडीवर.

"भिंगरे, ही दुसरी गाडी घे आणि जा. आजच जा. मी अडवणार नाही." सगळं बोलायचं ठरवलंच होतं. "पोरी, ही गाडी मी जाणूनबुजून दिली तुला. मला माहीत होतं... हिच्यात काय आहे ते. तू जाऊ नयेस म्हणून दिली."

मान किंचित मागे कलती करून ती ऐकत होती. मग माझ्याकडे बघून हसली. आईच्या मांडीवर झोपून उठल्यावर हसायची तशी.

"माहीत आहे, बाबा. मला केव्हाच सांगितलंय."

"कुणी...?"

"मी रागावले नाहीये रे. जायचं कशाला? सगळे इथेच तर आहेत." आणि ती मागच्या सीटकडे वळून, घरच्या माणसांशी बोलावं तशा आवाजात म्हणाली, "जरा सरका. बाबाला बसू दे."

मागचं दार आतून उघडलं. तिचे हात मांडीवरच होते. आत अंधार होता, आणि तो अंथरुणाचा उबदार वास.

मला बाकी काही कळत नसेल, पण स्प्रिंगचा आवाज कळतो. मागच्या सीटवर एक माणूस सरकला की स्प्रिंग एकदा करकरते. ती तीनदा करकरली.

चावी माझ्या हातात होती, फाटकाशी चांगली गाडी उभी होती. पण पोटची पोर आत होती. मी चपला काढल्या आणि आत चढलो.